एकसष्ट टक्के ताई

भरणीबाई ज्या दालनात काम करायची तिथले दिवे लावायची पद्धत नव्हती. यंत्रांना उजेड लागत नाही आणि काही औषधांना तो सोसत नाही, त्यामुळे बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत मिट्ट काळोख. ती कपाळाला दिवा बांधून आत शिरायची आणि बारा यंत्रांच्या पोटापाण्याचं बघायची. ह्याला नळ्या, त्याला ताटल्या, पलीकडच्याला पोषक पाणी, आणि सगळ्यांचा केर. तिच्या कपाळावरच्या उजेडात एखादा लोखंडी हात लगबगीने पुढे यायचा, थेंब टाकायचा, मागे सरायचा. पहिल्या वर्षी ती आत जाण्याआधी दारात खोकायची, कुणाच्या खोलीत शिरावं तसं. पुढे भीती गेली, खोकला राहिला.

प्रयोगशाळेची सेवा तीन पातळ्यांवर मिळे. पहिल्या पातळीवर गिऱ्हाइकाने जनुकाचा मजकूर लिहून पाठवायचा, यंत्र ते जनुक बनवणार आणि बोटभर नळीत घालून घरपोच करणार, संपला संबंध. दुसऱ्या पातळीवर यंत्र ते जनुक यीस्टच्या पेशीत बसवायचं, पेशींना खाऊपिऊ घालून वाढवायचं, त्या कामाला लागतात का ते बघून आकडे कळवायचं. तिसऱ्या पातळीवर गिऱ्हाइकाने फक्त काय हवंय तेवढं सांगायचं. कसं करायचं ते यंत्र ठरवणार. शंभर तऱ्हा करून बघणार, त्यातल्या नव्वद मरणार, उरलेल्या दहांकडून शिकून पुन्हा शंभर करणार. रोज सकाळी अहवाल, आणि अहवालाखाली एक प्रश्न: थांबू की पुढे जाऊ? दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर यंत्र पुढे जात असे.

माहितीपत्रकात ह्या पातळ्यांना भारदस्त नावं होती. दालनात त्यांना टपाल, पाळणाघर आणि घरजावई म्हणत. शेवटचं नाव नटबोल्टचं. नटबोल्ट म्हणजे यंत्रांची दुरुस्ती करणारा म्हातारा, दोन वर्षांत निवृत्त होणारा. तो म्हणे, घरजावई एकदा घरात घेतला की स्वतःच्या मर्जीने राहतो, आणि आता ऊठ असं तोंडावर कुणी म्हणेपर्यंत उठत नाही. म्हणायची लाज सगळ्यांनाच वाटते. खरंच, तिसऱ्या पातळीवर 'थांब' असं कुणी कळवल्याचं भरणीबाईने नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. मुदत संपून यंत्र आपोआप गप्प होई, तेवढंच.

त्या वर्षी सात नंबरचं यंत्र पोरकं झालं. एका अत्तराच्या कंपनीने ते वर्षभरासाठी घरजावई म्हणून घेतलं होतं, वासमापकासकट. वासमापक म्हणजे यंत्राला लावलेलं नाक. कुठलाही वास हुंगून त्याचं मोजमाप काढणारं, आणि पेशींनी काढलेला वास त्याच्या किती जवळ गेला ते टक्क्यांत सांगणारं. ह्या टक्क्यांना अहवालात 'जवळीक' म्हणत. चार महिन्यांत कंपनी बंद पडली, पण मुदत आठ महिन्यांची उरली होती. सात नंबर रोज सकाळी विचारी: ध्येय काय? कुणी उत्तर देत नसे. इतर यंत्रं खटाखट कामात आणि हे एकटं, हात छातीशी घेऊन अंधारात उभं. भरणीबाईला बघवत नसे.

त्याच सुमारास तिच्या भाचीला जहाजावर नोकरी लागली. भाचीचं घरातलं नाव ठिणगी. चार वर्षांची असताना तिची आई गेली तेव्हापासून ती मावशीकडेच वाढली, आणि घरातली घड्याळं, पंखे, मिक्सर उघडता उघडता इंजिनखान्यापर्यंत पोचली. वर्षअखेरीला निघायचं होतं. एकदा जेवता जेवता तिने सहज विचारलं, मीठ मागावं तसं, "माऊ, आईला वास कसा होता गं?"

भरणीबाईने घास गिळला आणि सांगायला तोंड उघडलं, तर काहीच सुचेना. ताई बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवायची, तेव्हा गोंदाचा वास होताच. पण ते म्हणजे ताई नव्हे. ताई पत्त्यांत लबाडी करायची, शीळ वाजवत जिना चढायची, हे सांगता आलं. वास सांगता येईना. "चांगला होता," ती म्हणाली. ठिणगी म्हणाली, "बरं," आणि ताट उचलून गेली. ते 'बरं' भरणीबाईला रात्रभर टोचत राहिलं.

कारण वास घरातच होता. कपाटाच्या खालच्या खणात, घट्ट झाकणाच्या डब्यात, ताईचा राखाडी मफलर. अठरा वर्षांत तिने तो डबा तीनदा उघडला असेल, तोही फट पाडून लगेच बंद. वास उडून जाईल ही एक धास्ती. दुसरी धास्ती तिने कुणाला सांगितलेली नव्हती. ताई गेली त्या सकाळी मफलरवरून दोघी बहिणींचं भांडण झालं होतं. मफलर कुणाचा, एवढंच. ताईने तो गळ्यातून काढून तिच्या अंगावर फेकला, "घे, घाल स्वतःच्या उरावर," म्हणाली आणि ताडताड जिना उतरून गेली. कारखान्यात दुपारी गोंदाच्या पिंपांनी पेट घेतला. मफलर भरणीबाईकडे राहिला. मग पोरही राहिली. मागितला होता फक्त मफलर, पण देणाऱ्याने हात आखडला नाही, असं तिला कधीकधी वाटे, आणि असं वाटल्याबद्दल ती स्वतःला मनातल्या मनात थोबाडीत मारून घेई.

ती व्यवस्थापकाकडे गेली. ह्या गृहस्थाला सगळे कागदसाहेब म्हणत, कारण कागद असल्याशिवाय त्यांना पाऊससुद्धा पडल्यासारखा वाटत नसे. तिने सरळ सांगितलं की सात नंबर रिकामा आहे, मला एक वास करून घ्यायचाय. कागदसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. चष्म्याशिवाय आपल्याला काही दिसत नाही, असं म्हणाले, आणि वर्ष संपेपर्यंत तरी नवा घेण्याचा विचार नाही. ती उठली तेव्हा तेवढं म्हणाले, "बाई, नमुना एकदा नाकाच्या कप्प्यात ठेवला की बाहेर काढायचा नाही. नियम आहे."

तिने मफलर कप्प्यात ठेवला आणि ध्येयाच्या जागी लिहिलं: हा वास. सात नंबरने छातीवरचे हात सोडले आणि कामाला लागलं.

पहिल्या अहवालात जवळीक चार टक्के होती. महिन्याने एकोणीस. भरणीबाई सकाळी आली की आधी सातचा अहवाल बघायची. काल एकशे ब्याण्णव केल्या, अकरा जगल्या, जवळीक तेहेतीस. पुढे जाऊ? उत्तर न देणं म्हणजेच हो, तरी ती रोज 'हो' दाबायची. विचारणाऱ्याला उत्तर द्यावं, एवढं तिला कळत होतं. चौथ्या महिन्यात आकडा एकसष्टवर आला आणि तिथेच घुटमळला. अहवालात नवी ओळ दिसू लागली: नमुना फिका पडतो आहे.

म्हणजे धास्ती खरी ठरली. नाक हुंगून हुंगून मफलर रिता करत होतं.

मग सफाईसाठी दालन आठवडाभर बंद राहणार होतं. आठवडाभर मफलर तिथे औषधांच्या वाफेत कसा सोडायचा? नियम तिला पाठ होता. तिने कप्पा उघडला आणि मफलर डब्यात घालून घरी आणला. आणला तो आणला, डबा उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी मफलर बाहेर. आता नाहीतरी संपतच आलाय, तर निदान आपल्या नाकाने संपवू, असा विचार तिने केला, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा ताईवर गाल ठेवून झोपली. अशी झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. आठवडा संपला तरी तो शिरस्ता मोडेना. सकाळी कप्प्यात, संध्याकाळी पिशवीत. पाळणाघरात पोर ठेवावं आणि परत न्यावं तसं.

दालन उघडल्यावर जवळीक एकसष्टवरून अडतीसवर कोसळली. अहवालाखाली नेहमीच्या प्रश्नाआधी एक वेगळाच प्रश्न होता: नमुना बदलला आहे का? हो किंवा नाही.

भरणीबाईने कप्पा उघडून मफलर उलटसुलट करून बघितला. मफलर तोच होता. तीच उसवलेली किनार, गोंदाच्या थेंबाने पडलेलं तेच भोक. तिने 'नाही' दाबलं. यंत्राने पुन्हा विचारलं नाही. घरजावई असला तरी शहाणा होता, घरच्या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवला.

त्यानंतर आकडा चढायला लागला तो थांबेचना. बावन्न. सत्तर. चौऱ्याऐंशी.

एका दुपारी ती ठिणगीबरोबर जहाजाचे जाड बूट घ्यायला रजा काढून गेली होती. दुसऱ्या दिवशी नटबोल्टने तिला दारातच गाठलं. चेहरा कोरा. काल तू केव्हा गेलीस, असं विचारू लागला. ती म्हणाली, काल मी आलेच नव्हते. तो हातातला पाना फिरवत म्हणाला की काल तो सातच्या खाली आडवा पडून हाताचा सांधा बदलत होता. भरणीबाई मागे येऊन उभी राहिलेली त्याला कळली. दिवा लावला नव्हता तिने, पण येते कधी अशी. मग तो गुडघ्याबद्दल बोलला, सुनेबद्दल बोलला, निवृत्तीनंतर काय करायचं ते बोलला. दहा मिनिटं तरी. "तू एका शब्दाने बोलली नाहीस. म्हटलं आज बाईचं काहीतरी बिनसलंय. वळून बघतो तर अंधार."

"मीच आहे असं कशावरून वाटलं?"

"आता कशावरून सांगू? माणूस मागे उभं असलं की कळतं ना कोण आहे ते."

भरणीबाईच्या अंगावर काटा आला, आणि काट्यामागोमाग आनंद. सख्ख्या बहिणी. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या तर आईसुद्धा फसायची. नटबोल्टने ताईला कधी पाहिलं नव्हतं, तो तिला भरणीबाई समजणार नाहीतर काय समजणार. ताई आली होती.

त्या दिवसापासून ती आत जास्त वेळ रेंगाळू लागली. कपाळावरचा दिवा बंद करून सातच्या शेजारी उभी राहायची. हात लगबगीने पुढे जायचा, मागे यायचा, त्याच्या हालचालीचा वारा गालाला लागायचा. ती हळूच बोलायची. पोर जहाजावर चाललीये. तुझ्यासारखीच शीळ वाजवते, शिकवली कुणी नाही. मफलर तुझाच होता, मला माहीत होतं तेव्हाही. यंत्राच्या हवा सोडायच्या नळीशी नाक नेऊन ती खोल श्वास घ्यायची, पण वास म्हणून काही येत नसे. कोमट हवा फक्त. इतक्या वर्षांच्या औषधांनी आपलं नाक गेलं असणार, असं तिने स्वतःला समजावलं. नटबोल्टला मात्र तो वास आता रोज यायचा. सातजवळून जाताना तो बाजूला सरून वाट द्यायचा, कुणी उभं असावं तशी.

मुदत संपायला तीन दिवस उरले, ठिणगी निघायला चार, तेव्हा जवळीक सत्त्याण्णव झाली. भरणीबाईने बोटभर नळी काढून घेतली, रुमालात गुंडाळली, आणि घरी जाऊन बुचासकट ठिणगीसमोर टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. मफलर, सात नंबर, कागदसाहेबांचा चष्मा. घरी नेऊन झोपण्याचं तेवढं राहिलं. मुद्दाम नाही, ते सांगण्यासारखं वाटलं नाही इतकंच.

ठिणगीने हात स्वच्छ धुतले. बूच काढलं, डोळे मिटले, हुंगलं. मग डोळे उघडून मावशीकडे बघितलं, पुन्हा हुंगलं, आणि तिला हसू यायला लागलं.

"माऊ, ही तर तू आहेस."

"नीट बघ. आम्ही बहिणी, सारख्याच असणार."

"अगं, तुझी उशी आहे ही. तापात मी तुझ्या पोटाशी झोपायचे तो वास. मला जहाजावर पाठवताना स्वतःला बाटलीत भरून देतेस होय?"

भरणीबाईने नळी हिसकावल्यासारखी घेतली आणि नाकाशी नेली. काही नाही. कोमट हवा. तिने पुन्हा हुंगलं, इतक्या जोराने की डोक्यात कळ आली. काहीच नाही, आणि तेव्हा तिला कळलं. जगात एकच वास असा असतो की जो आपल्याला कधी येत नाही.

ती खुर्चीत बसली. मग राहिलेलं सगळं सांगितलं, उशाशी डबा, उघडं झाकण, गालाखाली मफलर, यंत्राने विचारलेला प्रश्न आणि दाबलेलं 'नाही'. ताईचा शेवटचा मागमूस होता तो, आणि मी त्यावर डोकं ठेवून घासून घासून पुसून टाकला, असं म्हणाली. मफलर घेतला. तुला घेतलं. आता वासही. एवढं बोलून तिने नळीचं बूच घट्ट बसवलं.

ठिणगी तिला जवळ घेईल असं कुणालाही वाटलं असतं. ती तशी मुलगी नव्हती. ती बोटाने टेबलावर ठोकत बसली, बंद पडलेलं घड्याळ समोर असावं तशी. मग म्हणाली, "त्याने पहिलं माप फेकून दिलं का?"

"कुणी?"

"तुझ्या घरजावयाने. मफलर आला त्या दिवशी त्याने हुंगून माप घेतलं असेल ना. नवं माप आलं म्हणून कुठलं शहाणं यंत्र जुनं फेकत नाही. तू नाही म्हणालीस म्हणून ते नव्यामागे गेलं. विचार त्याला."

सकाळी भरणीबाई कोट घालायचीही थांबली नाही. सातचे जुने प्रश्न उलटत उलटत मागे गेली. तो प्रश्न अजून तिथेच होता, उत्तरासकट. नमुना बदलला आहे का? तिने 'नाही' पुसून 'हो' दाबलं. पडदा क्षणभर कोरा झाला. तिला वाटलं, आता हे रागावेल. यंत्राने लिहिलं: नोंद केली. पहिल्या मापाशी सर्वात जवळची पेशी गोठवून जपली आहे. जवळीक एकसष्ट. उठवू?

उठवायला आणि वाढवायला दीड दिवस लागणार होता. एकसष्टचे बासष्ट करायला वेळ नव्हता. तिने 'हो' दाबलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी नळी तयार झाली. ह्या खेपेला तिने घरी नेण्याआधी बूच काढलं, दालनाच्या दारात, अर्धी उजेडात अर्धी अंधारात उभी राहून. आधी गोंद आला. मग अंगाच्या उबेची लोकर. मग त्याखाली काहीतरी, जे होतं आणि नव्हतं. तो वास तिने आधी एकदा हुंगला होता. माणूस समोर असतानाचा नव्हे. ताई ताडताड उतरून गेल्यावर ती मफलर हातात घेऊन धावत बाहेर आली होती, हाक मारायला, आणि जिना रिकामा होता, आणि जिन्यात हा वास होता. एवढाच. नुकतं कुणी गेल्याचा.

ठिणगीला तिने तसंच सांगितलं. ही ताई नाही, ताई आत्ताच खाली उतरली त्यानंतरचा जिना आहे हा. ठिणगीने तो खूप वेळ हुंगला. ह्या वेळी हसली नाही. "ओळखीचा नाही," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण मागोमाग जावंसं वाटतं." दोन्ही नळ्यांना तिने चिकटपट्टी लावली, एकीवर लिहिलं माऊ, दुसरीवर जिना, आणि दोन्ही जहाजाच्या बुटांत एकेक अशा खोचून दिल्या. मफलर तिने मावशीच्या गळ्यात घातला, आणि नीट दोन वेढे दिले.

सात नंबरच्या शेवटच्या अहवालाखाली नेहमीचा प्रश्न होता. थांबू की पुढे जाऊ? संध्याकाळी ते आपोआप गप्प होणारच होतं. भरणीबाईने तरी 'थांब' दाबलं. इतकं राबलेल्याला कुणी तोंडाने सांगायला हवं. त्याने हात छातीशी घेतले.

त्याला तीनदा धुतलं, नळ्या बदलल्या, नाक काढून दुसऱ्या यंत्राला लावलं. ठिणगीचं जहाज सुटलं त्याच्या आठवड्याने भरणीबाई कपाळाला दिवा बांधून दालनाच्या दारात आली आणि सवयीने खोकली.

आतून, सातच्या बाजूने, अंधारातून नटबोल्टचा आवाज आला. "आता काय खोकतेस? दहा मिनिटं झाली तुला आत येऊन. तो दिवा जरा इकडे धर."

तिने कपाळाकडे हात नेला आणि दिवा बंद केला. आत जी कोण त्याच्याशेजारी उभी होती तिला कशाला उठवा. ती मफलरात हनुवटी खुपसून दारातच थांबली, आणि म्हातारा आपल्या गुडघ्याचं पुढचं सांगू लागला.